साडेदहा बोटांचा धक्का

माझा नवरा निकिफोर कोडियाक बेटावर अस्वलाच्या शिकारीचा वाटाड्या होता. बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला आमच्या तपकिरी अस्वलामागे जायचं तर परवान्याचा वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो, त्यामुळे अठ्ठावीस वर्षं असले लोक आमच्या दारात येऊन चिखलाचे बूट काढत आले. निकी बोलायला कमी आणि चालायला भरभर. सगळा जन्म समुद्राकाठी काढूनही त्याला पोहता येत नाही, आणि ते तो लपवतही नाही. नव्या गिऱ्हाइकाला तो आधी स्वतःच्या हाताने चहा करून द्यायचा आणि तो पीत असताना त्याच्या हातांकडे बघत बसायचा.

"तोंडाने कुणीही शूर असतो, पाशा," तो मला म्हणायचा. "कप धरताना कळतं."

त्याची काडतुसं मी भरायचे. हे काम मला वडिलांनी शिकवलं. मासे धुरवायच्या खोलीत त्यांनी आढ्याला दोन दोरखंडांवर एक जड ओंडका टांगला होता. बंदूक त्याला आवळून बांधायची, समोर वाळूची पोती रचायची, घोड्याला दोरी लावून लांबून ओढायची. ओंडका मागे झुलतो, तो कुठवर गेला तिथे फळीवर खडूने रेघ मारायची. कुठली बंदूक किती लाथ मारते ते असं बोटांनी मोजलेलं आमच्या फळीवर आहे. साध्या ३०-०६ मापाच्या बंदुकीला सात बोटं. ३०० मॅग्नमला आठ, ३३८ ला नऊ. निकीच्या ३७५ ला साडेदहा. ४१६ ला जवळजवळ तेरा, आणि ४५८ ने तर एकदा ओंडका भिंतीवर आपटवला होता.

पण ओंडक्याला खांदा नसतो. धक्का किती ते तो सांगतो, कसा ते सांगत नाही. ३३८ झटकन थोबाडीत मारते. ३७५ चा धक्का मोजायला मोठा, पण तो ढकलतो, दार उघडून कुणी घाईत अंगावर यावं तसा. मी सगळ्या खांद्याला लावून पाहिल्या आहेत, म्हणून सांगते. मला विचाराल तर निम्म्या शिकाऱ्यांनी ३०-०६ च्या पुढे जाऊच नये. पण बायकोला विचारून बंदूक घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अस्वल मोठं म्हणून बंदूक मोठी, बंदूक मोठी म्हणून भीती मोठी, आणि भीतीपायी गोळी भलतीकडे. आमच्याकडे माणसं अस्वलापायी जेवढी फसत नाहीत तेवढी या हिशेबापायी फसतात.

एका वर्षी नोव्हेंबरात निकी होडीतून उतरताना बर्फावरून घसरला आणि त्याचं उजव्या खांद्याजवळचं, गळ्याखालचं हाड मोडलं. शहरातल्या डॉक्टरने बांधून दिलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. बंदुकीचा दस्ता जिथे टेकतो नेमका तिथेच एक उंचवटा राहिला. मी म्हटलं, या वर्षी ३०-०६ घेऊन जा.

"गिऱ्हाईक ४१६ घेऊन येणार, आणि मी त्याच्यामागे पोरांची बंदूक घेऊन उभा राहणार?" तो म्हणाला. "गस लिंडहोम वर्षभर पुरवून पुरवून हसेल."

गस म्हणजे पलीकडच्या खाडीतला वाटाड्या. दोघांची वीस वर्षांची चढाओढ. कोण किती मोठं अस्वल मिळवून देतो यावरून ते रेडिओवर एकमेकांची जी सालं काढायचे, ती ऐकायला सगळी सामुद्रधुनी जेवण थांबवायची.

मार्चच्या शेवटी निकी किनाऱ्यावर बंदुकीचा नेम तपासायला गेला. मी लाकडाच्या फळीवर कागद लावून बाजूला उभी होते. दोन गोळ्या गेल्या, दोन्ही कागदाबाहेर. तिसऱ्या वेळी त्याने घोडा ओढला आणि नुसता टक् असा आवाज आला. काडतूस फुसकं निघालं होतं, चूक माझीच. गोळी सुटली नाही म्हणून बंदुकीने काय केलं ते उघड दिसलं. नळीचं तोंड एक वीतभर खाली बुडलं. निकीचा खांदा पुढे ढकलला गेला होता आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.

हे सोंग आम्ही दरवर्षी पाहायचो. नव्या गिऱ्हाइकाच्या बंदुकीत निकी त्याच्या नकळत एखादं रिकामं काडतूस सरकवायचा. जो माणूस धक्क्याला घाबरतो तो धक्का येण्याआधीच अंग चोरतो, आणि रिकाम्या काडतुसावर त्याचं बिंग फुटतं. शंभर जणांचं फुटताना मी पाहिलं होतं. निकीचं कधीच नाही.

"ओल लागली असेल," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"लागली असेल," मी म्हटलं.

त्या दिवसापासून भीती आमच्या घरात राहायला आली. गिऱ्हाइकाने डोळे मिटले तर अस्वल सुटतं. वाटाड्याने मिटले तर माणूस मरतो. जखमी अस्वल झुडपांत शिरलं की त्याच्यामागे वाटाड्यानेच जायचं असतं, आणि तिथे ते दिसतं ते पाच पावलांवरून. मला झोपेत नळीचं तोंड बुडताना दिसायचं. निकीशी बोलले मात्र नाही. काय बोलणार? त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. आम्ही दोघं मिठाच्या माशाचे तुकडे चावत समोरासमोर बसायचो आणि हवेबद्दल बोलायचो.

शेवटी मी मला येतं ते केलं. तीच पितळी नळी, तीच जड गोळी, आत बारूद मात्र कमी. ओंडक्यावर मोजून घेतलं, सात बोटं, ३०-०६ एवढीच. पण एवढ्या बारुदीवर जड गोळी मंद जाते; कागदाला पुरे, अस्वलाला नाही. अशी तीस काडतुसं भरली, कॉफीच्या रिकाम्या पिवळ्या डब्यात ठेवली आणि निकीला म्हटलं, नवी बारूद आली आहे, सरावाला ही वापर. पूर्ण ताकदीची काडतुसं नेहमीच्या लाकडी पेटीत होती. बेत असा होता की दुखत नाही हे आधी त्याच्या अंगाला कळू दे, डोळे उघडे राहू देत, मग हळूहळू बारूद वाढवत नेईन आणि शिकारीच्या दिवशी पेटी त्याच्या हातात देईन. काडतुसांवर खूण केली असती तर त्याने खूण कसली म्हणून विचारलं असतं. म्हणून केली नाही. दिसायला दोन्ही सारखीच होती.

आणि बेत लागू पडत होता. दहा दिवसांत त्याच्या गोळ्या कागदावर यायला लागल्या, मग मधोमध. एकदा मी लपवून रिकामं काडतूस सरकवलं तर नळी जागची हलली नाही. तो मला काहीच म्हणाला नाही, पण त्या संध्याकाळी त्याने पिरोक मागितला. भात आणि मासा घालून केलेली ही भाकरीएवढी मोठी, जाड कचोरी तो खूश असला की चार माणसांची एकटा संपवतो. मीही जेवले. बारूद वाढवायचं मी आज-उद्यावर ढकलत राहिले; पेटी तर निघायच्या सकाळी त्याच्या हातात द्यायचीच होती.

गिऱ्हाईक होतं ओहायोमधला, घरांची छपरं बसवणारा वेंडेल नावाचा गडी. तांबडा चेहरा, मोकळं हसू, आणि कोरी करकरीत ४१६. निकीने चहा दिला, किनाऱ्यावर नेलं आणि तिसऱ्या वेळी रिकामं काडतूस सरकवलं. नळी बुडाली.

"डोळे मिटतोस," निकी त्याला म्हणाला. "लाज वाटायचं कारण नाही. माझी ३०-०६ घे."

"एवढ्या लांबून मी त्यासाठी आलो नाही, साहेब," वेंडेल हसत म्हणाला. "अस्वल समोर आलं की काही मिटत नाही बघा."

"तेव्हाच मिटतात," निकी म्हणाला. मी वाळूकडे बघत राहिले.

त्यांना शिकारीच्या तळावर नेणारं, पाण्यावर उतरणारं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं होतं. ते त्याच दुपारी आलं. वादळ येतंय, निघायचं तर आत्ताच, असं वैमानिकाने पाण्यावरूनच ओरडून सांगितलं. मग नेहमीची पळापळ. मी पिठाच्या पिशव्या आणि तंबू खाली पोचवत होते. निकी घरातून काडतुसांचा पट्टा बांधत बाहेर आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. विमान डोंगराआड दिसेनासं झालं तरी मी काठावर उभी होते, हात हलवत, अगदी मजेत.

घरात आले तर लाकडी पेटी होती तशीच होती. वीसच्या वीस काडतुसं आत. पिवळ्या डब्याचं झाकण उघडं होतं. गेले काही दिवस जी काडतुसं नेमावर लागत होती तीच त्याने उचलली होती. का नाही उचलणार? मी खुर्चीवर बसले ती किती वेळ बसले ते आठवत नाही.

पुढे दोन दिवस वादळ. विमान उडणं शक्य नव्हतं. उपग्रहाचे फोन तेव्हा आमच्याकडे यायचे होते. होता तो रेडिओ, आणि तो सगळ्यांचा. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, प्रत्येक तळावरचा वाटाड्या एका ठराविक चॅनलवर घरी खुशाली कळवतो, आणि प्रत्येक घर, प्रत्येक मासेमारी होडी ती ऐकते. तिथे मी काय सांगायचं होतं? निकी, तू घाबरतोस म्हणून मी तुझी काडतुसं हलकी केली आहेत? आमच्या लोकांच्या जुन्या अलुतीक भाषेत सांगावं म्हटलं तर आम्हा दोघांना ती जेमतेम येते, आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना अस्खलित. वाटाड्याचं नाव एकदा गेलं की गेलं. त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

पहिल्या संध्याकाळी मी म्हटलं, "निकी, डब्यातली काडतुसं ओलसर आहेत. त्यांच्यावर विसंबू नकोस."

"मग अस्वलाला दगड मारू?" तो म्हणाला. कुठल्यातरी होडीवर कुणीतरी हसलं. "कोरडी आहेत गं. ठीक आहेत."

"अरे निकी, बायकोचं ऐकावं," गसचा आवाज मध्येच आला. "नाहीतर माझ्याकडे ये, मी देतो चार."

मी बटण सोडलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला त्याच्या अब्रूची पडली होती आणि मनात म्हणत होते की वेंडेलची गोळी नीट लागेल, निकीला बंदूक उचलावीच लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ हेच मनात म्हणत राहिले. 

तिसऱ्या दिवशी हवा उघडली. सकाळी अकराच्या सुमाराला, खुशालीची वेळ नसताना, निकीचा आवाज आला. तो टेकडीच्या टोकावर चढून बोलत होता, धाप लागलेली.

"पाशा, आम्हाला न्यायला विमान पाठवायला सांग, पण संध्याकाळी. वेंडेलने गोळी घातली, मागे लागली, पोटात. मोठा नर आहे. खालच्या आल्डरच्या जाळीत शिरलाय. अर्धा तास थांबलोय. आता आत जातो."

आल्डरची जाळी म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दाट झुडपं, फांद्या आडव्या, माणसाला रांगत जावं लागतं, आणि अस्वल त्यातून असं येतं की मध्ये काही नाहीच.

मी दोन्ही अंगठे बटणावर ठेवले.

"निकी, जाऊ नकोस. ऐक. तुझ्या पट्ट्यातल्या काडतुसांत बारूद कमी आहे. सगळ्यांत. मी कमी केली."

 मग तो म्हणाला, "काय?"

"हाड मोडल्यापासून तू गोळी सुटायच्या आधी डोळे मिटतोस. मी किनाऱ्यावर पाहिलं. तुला धक्क्याची भीती बसली म्हणून मी धक्का कमी केला. सरावापुरता. तू तोच डबा नेलास. त्या गोळ्यांनी अस्वल थांबणार नाही, निकी. आत गेलास तर मरशील."

सामुद्रधुनीत तेव्हा निदान तीस रेडिओ चालू असतील. सगळ्यांनी ते ऐकलं. निकीच्या शेजारी वेंडेल उभा असणार, तोही ऐकत असणार. मी बटण सोडलं आणि वाट पाहत राहिले, आणि मला वाटलं की आता हा माणूस रागाच्या भरात मुद्दाम आत जाईल. तो तसा आहे. त्या मिनिटाएवढी मी आयुष्यात कधी घाबरले नाही.

आवाज आला तो गसचा. चेष्टा नव्हती त्यात.

"निकी, माझीही ३७५ च आहे. पूर्ण भरलेली बारा काडतुसं घेऊन निघतो. ओहोटी आहे, दीड तास लागेल. जागचा हलू नकोस."

 मग निकी म्हणाला, "ये."

तेवढंच. माझ्याशी एक शब्द नाही. दीड तास गेला, मग दोन. मी चूल पेटवली, विझवली. शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, मीही बोलावलं नाही. तीन वाजून गेल्यावर गस बोलला.

"संपलं. सगळे धड आहेत. जाळीतून सरळ अंगावर आलं. निकीने तीन गोळ्या घातल्या, एकाशेजारी एक. मी नुसता मागे उभा होतो. ज्यांनी ज्यांनी मघाशी कान लावले होते त्यांनी हेही ऐकून ठेवा."

रेडिओवर एकदम गलका झाला. होड्यांवरून लोक निकीचं नाव घेत होते. मी जमिनीवर बसून रडले.

संध्याकाळी विमानाने तो घरी आला. वेंडेल शाळेच्या पाहुणेघरात उतरला, मान खाली घालून. निकीने बूट काढले, टेबलाशी बसला आणि खिशातून पाच काडतुसं काढून माझ्यासमोर एकेक करून उभी केली. माझ्या हातची नव्हती. गसची होती.

"त्याने पाच दिली होती," निकी म्हणाला. "मोज."

पाचच होती.

"मी बंदूक खांद्याला लावली. अस्वल आलं. मी डोळे मिटले, पाशा. बोट हललंच नाही. गसने माझ्या कानाशेजारून तिन्ही घातल्या. अजून ऐकू येत नाही त्या कानाने."

"आणि रेडिओवर..."

"तळावर परत येताना होडीत मला म्हणाला, तू काही बोलायचं नाहीस. माझ्यावर उपकार करतोय, गस."

मी पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक होता. मला कळायला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा सकाळची भीती परत आली. आता सगळ्यांच्या लेखी निकी बरा झाला होता. पुढच्या आठवड्यात टेक्ससचे दोघे भाऊ येणार होते, त्यानंतर आणखी एक. त्याने नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. तो जाणार, बंदूक उचलणार, आणि मागे गस नसणार. मी सगळ्यांसमोर त्याची अब्रू काढली ती तो जगावा म्हणून, आणि गसने ती परत दिली होती.

"मी काही बोलणार नाही," मी म्हटलं. "एकदा बोलले तेवढं पुरे झालं. तुझं तू बघ."

सात वाजले. एकेक तळ खुशाली सांगू लागला, आणि प्रत्येकजण शेवटी निकीला शाबासकी देत होता. तो ऐकत बसला. मग उठला, माझ्या अंगावरून हात लांब करून त्याने बोलायचा कर्णा उचलला आणि बटण दाबलं.  त्याचा श्वास सगळीकडे ऐकू जात असणार.

"निकिफोर बोलतोय," तो म्हणाला. "अस्वल गसने मारलं. तिन्ही गोळ्या त्याच्या. मी एकही झाडली नाही, डोळे मिटून उभा होतो. बायको म्हणाली ते खरं आहे. गिऱ्हाईक घेऊन मी आता जाणार नाही. टेक्ससवाले आले की त्यांना गसकडे उतरवा."

बटण सुटलं.  गस म्हणाला, "निक्या, आयुष्यात एकदा चांगला वागलो, तेही तुला बघवलं नाही." मग तो म्हणाला, "मला जाळीत मागे उभं राहायला माणूस लागतो. बंदूक नको. वाट ठाऊक असलेला हवा. विचार कर."

निकीने कर्णा खुंटीला अडकवला.  मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मार्चमध्येच का नाही बोललीस?"

"घाबरले होते," मी म्हटलं.

"मीही," तो म्हणाला, आणि पाचही काडतुसं गोळा करून त्याने माझ्या ओंजळीत दिली.